पंचाण्णव पौंड कापूस: गुलामांची आत्मकथनं सात महिने वाचल्यावर

२०० पौंड हा आकडा मी तीनदा वाचला आणि मग मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर टाकला. ९० किलो आणि वर ७०० ग्रॅम. एका माणसाने एका दिवसात वेचायचा कापूस, तोही सरकीसकट, म्हणजे आपण मोजतो तसाच. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातल्या मळ्यावर ही नेहमीची वेचणी समजली जायची, असं तिथे गुलाम म्हणून राबलेला सॉलोमन नॉर्थअप आपल्या आत्मकथनात लिहितो. माझी माय गावातली हाताला चपळ बाई. दुसरी वेचणी असली, बोंडं टपोरी फुटलेली असली आणि सकाळी सातला वावरात उतरली, तर दिवस बुडेपर्यंत ४० ते ४५ किलो. त्याच्या वर ती आयुष्यात दोन-चारदा गेली असेल.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, वजनकाट्यावर बसतो. भरलेली गाडी मोजायची, रिकामी मोजायची, वजाबाकी करून काटापट्टी फाडायची. दिवाळी ते होळी हेच काम. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात आधी व्हिडिओ बघायचो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ते बंद केलं आणि गुलामांनी स्वतः लिहिलेली, सांगितलेली पुस्तकं वाचायला घेतली. पाडव्यापर्यंत चार आत्मकथनं आणि तीन कादंबऱ्या झाल्या. कोणी विचारलं की त्यात काय ठेवलंय, तर तोंडी नीट सांगता येत नाही, म्हणून हे लिहून काढतोय.

खर्चाचं आधी सांगतो. जुनी आत्मकथनं फुकट आहेत. लेखकहक्क केव्हाच संपलेत, फाइल एखाद्या फोटोएवढी, एकदा उतरवली की नेटवर्क नसलं तरी चालते. अडचण इंग्रजीची. बारावीचं इंग्रजी घेऊन १८५३ सालचं गद्य वाचणं म्हणजे कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांतून अनवाणी चालणं. पहिल्या महिन्यात भाषांतराच्या ॲपवर भिस्त ठेवली आणि फसलो. नॉर्थअप संध्याकाळी टोपली घेऊन 'जिन-हाउस'कडे जातो, तर ॲपने त्याला दारूच्या घरी पाठवलं! विदर्भातल्या कुठल्याही पोराला विचारा, जिन म्हणजे काय. 'ड्रायव्हर' तसाच ठेवला होता. मळ्यावर गाडी कुठून आली, म्हणून मी दोन पानं मागे गेलो. हा ड्रायव्हर म्हणजे आपला मुकादम, फरक इतकाच की तोही गुलामच. गळ्यात चाबूक अडकवून त्याने बाकीच्यांना हाकायचं. नॉर्थअपवर हे काम आलं तेव्हा त्याने फटका अंगाला केसभर न लागता हवेत वाजवायची कला साधली, आणि मालक लांबून बघत असला की बाकीचे खरंच लागल्यासारखे कळवळायचे. ॲप बंद केलं, जाडजूड शब्दकोश घेतला आणि मग पुस्तक हाताशी आलं.

नॉर्थअप न्यूयॉर्क राज्यात जन्मलेला स्वतंत्र माणूस. बायको, तीन लेकरं, फिडल वाजवण्यात नाव. १८४१ मध्ये दोघांनी सर्कशीबरोबर वाजवायचं काम देतो म्हणून वॉशिंग्टनला नेला आणि तिथून तो विकला गेला. नावसुद्धा बदललं, 'प्लॅट'. जानेवारी १८५३ मध्ये सुटला आणि त्याच वर्षी पुस्तक आलं. सुटल्यावर विकणाऱ्यावर खटला भरला, तर काळ्या माणसाची साक्ष तिथल्या कोर्टात चालत नव्हती. ज्याला विकलं त्यालाच बोलता येईना.

मी अडकलो ते वजनाच्या पानांवर. मी रोज माणसं काट्याकडे येताना बघतो. शेतकऱ्याची नजर आकड्यावर असते, तो दहा किलोने तरी वाढावा म्हणून. नॉर्थअपच्या मळ्यावर नव्या माणसाला पहिल्या दिवशी चाबकाखाली जिवाच्या आकांताने वेचायला लावत. रात्री जे वजन भरेल ती त्याची ऐपत ठरली, आता रोज तेवढं आणायचं. कमी भरलं तर फटके. जास्त भरलं तर उद्याचं काम तेवढ्याने वाढलं. म्हणून कितीही दमलेला असो, झोपेला आसुसलेला असो, टोपली घेऊन जिनकडे जाताना प्रत्येकाच्या मनात धाकच. कमीचीही भीती आणि जास्तीचीही भीती, असा काटा मी कधी बघितला नाही.

आणि नॉर्थअपची स्वतःची पहिली वेचणी? ९५ पौंड. म्हणजे ४३ किलो, माझ्या मायचा चांगला दिवस. सगळ्यात ढिल्या माणसाकडून अपेक्षा असते त्याच्याही निम्मं नाही, असं मालकाने ठरवलं. नवखा म्हणून त्या दिवशी फटके माफ केले. पुढेही त्याचा हात बसलाच नाही, शेवटी त्याला टोपल्या ओढायला आणि लाकडं तोडायला लावलं.

त्या मळ्यावर पॅट्सी नावाची पोरगी होती. तिच्या बोटांना विजेची गती होती म्हणे, दिवसाला ५०० पौंड. हे मी रात्री मायला वाचून दाखवलं.

"किती किलो झाले?" ती म्हणाली.

"सव्वादोनशे."

"खोटं हाय. दोन हातानं एवढा येचल्या जात नाई. दवाचा कापूस असन, वजनात भरते."

मी म्हटलं, बोंडं मोठी असतील. ती म्हणाली, "कितीबी मोठी असू दे बापा, बोट तर तेवढंच हाय." यावर इतिहासकारांचाही वाद आहे. १८०१ ते १८६२ या काळात तिथे माणशी रोजची वेचणी सुमारे चौपट झाली. एक बाजू म्हणते, मेक्सिकोकडून आलेल्या नव्या बियाण्याची बोंडं मोठी आणि वेचायला सोपी होती. दुसरी बाजू म्हणते, ही वाढ चाबकाने आणि रोजच्या वजनाने काढून घेतली. मला दोन्ही पटतं. बियाणं बदललं की वेचणी बदलते हे आम्ही डोळ्यांनी बघितलंय, पण नुसत्या बियाण्याने बाई धावत वेचत नाही.

आता कादंबरी. 'अंकल टॉम्स केबिन' १८५२ ची, अमेरिकेत पहिल्याच वर्षी तीन लाख प्रती खपल्या. नॉर्थअपने आपलं पुस्तक तिच्याच लेखिकेला, हॅरिएट बीचर स्टोला, अर्पण केलंय. गंमत म्हणजे त्या कादंबरीतही काटा आहे. एका आजारी बाईच्या टोपलीत टॉम आपला कापूस टाकतो, रात्री वजन पुरेपूर भरतं आणि मालक लेग्री ते दिसत असूनही कमी भरलं म्हणून ओरडतो. वाचताना रक्त उसळतं. पण लेग्री खोटं माप करणारा आहे. तसले बरेच असतात, आणि वाचक मनात म्हणतो, हा एक हरामखोर गेला की झालं. नॉर्थअपचा काटा खरा आहे. एका पौंडाचीही लबाडी नाही, रोज रात्री बरोबर आकडा, आणि त्या बरोबर आकड्यावरच फटके. काट्यावर बसणारा माणूस म्हणून सांगतो, मला त्या खऱ्या काट्याची जास्त भीती वाटली.

फ्रेडरिक डग्लसचं पुस्तक (१८४५) छोटं, आठवड्यात संपतं. पहिल्याच पानावर तो म्हणतो की आपलं वय त्याला ठाऊक नाही. घोड्याला आपलं वय जेवढं कळतं तेवढंच गुलामांना. पेरणीच्या दिवसांत, कापणीच्या दिवसांत, चेरी पिकतात तेव्हा, एवढीच जन्माची खूण. माझा बाप पोळ्याच्या आगेमागे झालेला, शाळेत मास्तरांनी १ जुलै टाकून दिली. पण फरक कुठे आहे तोही डग्लसच दाखवतो. बापाची तारीख कोणी लिहून ठेवली नाही. डग्लसने विचारलं असतं, तर विचारणं हाच उद्धटपणा ठरला असता.

बापाचं इथे सांगतोच. तो चौदा वर्षं सालगडी होता. पाडव्याला साल धरायचं, उचल घ्यायची, ज्वारी आणि वर्षाचे ठरलेले पैसे. उचल फिटली नाही की पुढच्या पाडव्यालाही तोच वाडा. वेठबिगारीविरुद्धचा कायदा १९७६ चा, बापाचं शेवटचं साल त्याच्या बऱ्याच नंतरचं. वाचताना सुरुवातीला मला जागोजागी बापच दिसायचा. डिसेंबरात ते थांबलं. बापाला कोणी बाजारात उभं करून दात बघितले नाहीत, मला त्याच्यापासून तोडून विकलं नाही, आणि उचल फेडून तो एका पाडव्याला खरंच निघून आला. भाषणात कोणी उठसूट 'गुलामी' म्हणतं तेव्हा आता कानाला खटकतं. तरी उचलीच्या वहीचा मालकाच्या कपाटातला तो लाल पुठ्ठा मला अजून आठवतो, तोही खोटा नाही.

हॅरिएट जेकब्सचं पुस्तक १८६१ चं. आधी वाचायला घेऊ नका, पण सोडूही नका. मालकाच्या वासनेपासून वाचायला ती आजीच्या घरावरच्या पोटमाळ्यात जवळजवळ सात वर्षं लपली. जागा ९ फूट लांब, ७ फूट रुंद, सगळ्यात उंच ठिकाणी ३ फूट. मी कोठ्यात टेप लावून मापं घेतली आणि आत शिरलो. भाव वाढेल म्हणून तेव्हा कोठ्यात कापूस भरलेला. घरात कापूस भरला की अंगाला कशी खाज सुटते हे इकडे सांगायला नको. दहा मिनिटांत बाहेर आलो. जेकब्स लिहिते की सुईच्या टोकाएवढे लाल किडे तिची कातडी भोसकायचे. तिने गिरमिटाने भोक पाडलं आणि त्यातून खाली खेळणारी आपली लेकरं बघितली. त्यांना हाक मारता येत नव्हती. हे पुस्तक तिने टोपणनावाने काढलं, आणि पुढे कित्येक वर्षं लोक म्हणत राहिले की ही कादंबरी आहे, कोण्या गोऱ्या बाईने रचलेली. १९८० च्या दशकात जुन्या पत्रांवरून सिद्ध झालं की लिहिणारी तीच.

एक तक्रार जुन्या बहुतेक पुस्तकांबद्दल. सुरुवातीला गोऱ्या माणसांची प्रस्तावना, पत्रं, हा इसम खरं बोलतो असा दाखला. डग्लसच्या पुस्तकालाही गॅरिसन या गुलामीविरोधी गोऱ्या संपादकाची प्रस्तावना आहे. तलाठ्याचा दाखला जोडल्याशिवाय अर्ज घेत नाहीत, तसंच. नॉर्थअपने तर सांगितलं आणि डेव्हिड विल्सन नावाच्या वकिलाने लिहिलं, त्यामुळे मधेच एखादं वाक्य कोर्टाच्या पायऱ्या चढल्यासारखं फुगतं. ती वाक्यं मी सरळ ओलांडली.

चौथं आत्मकथन इक्वियानोचं, १७८९ चं. जहाजावरचे दिवस भयंकर आहेत, बाकी भाग प्रवासवर्णनासारखा. घाईत वाचलं, त्याबद्दल जास्त बोलत नाही. 'रूट्स' (१९७६) झपाटल्यासारखी वाचली आणि नंतर कळलं की दुसऱ्या कादंबरीतला मजकूर घेतल्याच्या खटल्यात लेखकाला पैसे देऊन तडजोड करावी लागली. चव गेली.

टोनी मॉरिसनची 'बिलव्हेड' (१९८७) मात्र वेगळी. तालुक्यातल्या एका प्राध्यापकांकडून उसनी आणली, दोनदा चाळीस पानांवर टाकून दिली, तिसऱ्यांदा पार झाली. १८५६ मध्ये मार्गारेट गार्नर नावाची बाई गोठलेली ओहायो नदी ओलांडून पळाली आणि पकडणारे दारात आले तेव्हा तिने आपल्या लहान लेकीचा जीव घेतला, या खऱ्या घटनेवरून सुचलेली. जेकब्स कित्येक ठिकाणी पडदा ओढून घेते, तेव्हाच्या वाचकांची लाज सांभाळते. मॉरिसन त्या पडद्यामागे जाते. तिथे कुठला आकडा नाही, काटा नाही, फक्त एक घर आणि त्यात परत आलेली ती मेलेली पोर. सरळ गोष्ट हवी असणाऱ्याने वाटेला जाऊ नये. मी ती पुन्हा वाचणार आहे.

एक गोष्ट मला कोणीच सांगितली नव्हती. १८५३, नॉर्थअप सुटला तेच वर्ष, वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या हाती आलं. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडकला, मँचेस्टरच्या गिरण्या इकडे बघू लागल्या आणि वऱ्हाडाच्या कापसाला कधी नव्हती अशी तेजी आली. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, १८७० मध्ये खामगावची शाखा सुरू झाली. म्हणजे गुलामांच्या हातचा कापूस थांबला तेव्हा आमच्या पणजोबांच्या पऱ्हाट्या मोजायला साहेब आले. आणि १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिली ती अर्पण केली अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी तिथल्या काळ्या माणसांना दास्यातून सोडवलं. शाळेत हे एका गुणाच्या प्रश्नासाठी पाठ केलं होतं. आता कळलं, जोतीराव कुठल्या बातम्या वाचत होते.

नवीन वाचणाऱ्याने डग्लसपासून सुरुवात करावी, मग नॉर्थअप, मग जेकब्स. कादंबऱ्या त्यानंतर. उलटं केलं तर आत्मकथनं कोरडी वाटतील. आणि रात्री एकट्याने वाचू नये, घरात कोणाला तरी मोठ्याने सांगत वाचावं.

मायला मी तुकड्यातुकड्याने सांगत होतोच. नॉर्थअप सुटतो तो प्रसंग पाडव्याच्या आदल्या रात्री वाचला. गाडी उभी आहे, तो निघतो, पॅट्सी झोपडीमागून धावत येऊन त्याच्या गळ्यात पडते. तू सुटलास, पण माझं काय होणार, म्हणते. गाडी वळते, तो मागे बघतो तर ती जमिनीवर पडलेली.

"मंग तिचं काय झालं?"

"पुस्तकात पुढं नाही."

"त्यानं लिवलं नाई?"

"त्यालाच माहीत नसेल."

माय बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सव्वादोनशे येचनारी पोरगी, तिले कोन सोडन." ती उठली, फरदडीच्या वेचणीची ओटी खुंटीवरून काढली, झटकली आणि सकाळसाठी उशाशी ठेवली.