भाडं वाटायचं कसं: खोलीच्या मापाने की चिठ्ठीवरच्या बोलीने?

भाड्याच्या घरात एकत्र राहणाऱ्यांच्या खोल्या सारख्याच असतील तर भाडं माणशी वाटून मोकळं व्हावं. लहानमोठ्या असल्या की पर्याय दोन उरतात, आणि मी दोन्ही करून पाहिलेत.

मापाची पद्धत ऐकायला रास्त वाटते. हॉल-स्वयंपाकघराचा हिस्सा माणशी, खोलीचा चौरस फुटांवर. एका खोलीत जोडपं असेल तर सामायिक हिस्सा दोघांचा धरला जातो, हे मला आजही पटतं. आमचं अडलं ते बाल्कनीपाशी. तिची वाट माझ्या खोलीतून. मापात ती माझी, कपडे वाळत घालायला सगळ्यांची. सकाळी सातला दारावर टकटक व्हायची, आणि त्या जागेचं भाडं मी भरत होतो. बाल्कनी वगळू म्हटलं, तर एकजण म्हणाला, मग माझं भिंतीतलं कपाटही वगळा. तिसऱ्याच्या खोलीत ऊन येत नव्हतं, त्याचे किती फूट कमी करायचे? टेप लावून तीनदा मोजलं, तरी वाद मिटेना.

पुढच्या घरात आम्ही बोली लावली. एकूण भाडं 100 धरून प्रत्येकाने तिन्ही खोल्यांना अशी किंमत लिहायची की बेरीज 100 व्हावी. मोठी, मधली, लहान या क्रमाने मी लिहिलं 45, 30, 25. दुसऱ्याने 36, 40, 24. तिसऱ्याने 38, 32, 30. बोलींची बेरीज सर्वांत जास्त होईल अशा खोल्या दिल्या: 45, 40 आणि 30, म्हणजे 115. वरचे 15 तिघांना सारखे वळते केले, भाडं ठरलं 40, 35, 25. त्या दरात कोणालाच दुसऱ्याची खोली नको होती. इतकं सरळ दरवेळी जुळत नाही, आकडे थोडे सरकवावे लागतात. पण साध्या अटींवर, कोणालाच दुसऱ्याची खोली नकोशी होईल अशी वाटणी असतेच, हे गणितज्ञ फ्रान्सिस सू यांनी 1999 साली दाखवलंय.

एक खरं, ज्याचा हात आखडता त्याच्या वाट्याला बहुधा लहान खोली येते. मिळकतींत फार तफावत असेल तर आधी त्यावर मोकळेपणाने बोलून घ्या. नवा माणूस आला की चिठ्ठ्या पुन्हा लिहायच्या, एवढंच काम वाढतं. मला ते चालतं. बाल्कनीची खोली घेणाऱ्याने तिची किंमत सकाळची टकटक धरूनच लिहिलेली असते.