सीसी सारखे, यंत्रे वेगळी: स्टिल एमएस 271 आणि एमएस 261

चेन सॉ घ्यायला आलेला ग्राहक दुकानात आधी सीसी विचारतो आणि मग बारची, म्हणजे साखळी जिच्याभोवती फिरते त्या पट्टीची, लांबी. केवळ या दोन आकड्यांवर निवड करायची ठरवली, तर स्टिल कंपनीची एमएस 271 आणि एमएस 261 ही दोन यंत्रे एकच आहेत असे वाटेल. दोन्हींचे इंजिन 50.2 सीसीचे आहे, दोन्हींवर 0.325 इंच पिचची (पिच म्हणजे साखळीच्या कड्यांमधील अंतराचे माप) साखळी चालते आणि दोन्हींना 16 किंवा 18 इंचांचा बार शोभतो. तरीही पहिले यंत्र कंपनी शेतकरी आणि घरमालक यांच्यासाठी विकते (अमेरिकेत त्याचे नावच ‘फार्म बॉस’ असे आहे), तर दुसरे रोज लाकूड कापणाऱ्या व्यावसायिकांसाठी. आणि तिथल्या बाजारात दुसऱ्याची किंमत पहिल्याच्या साधारण दीडपट पडते. हे वरचे पैसे नेमके कशाचे आहेत आणि ते कोणी मोजावेत, एवढाच या परीक्षणाचा विषय आहे.

प्रथम कागदावरचा फरक पाहू. एमएस 271 ची शक्ती 2.6 किलोवॅट आहे आणि बार, साखळी व इंधन वगळून तिचे वजन 5.6 किलो भरते. एमएस 261 च्या सध्याच्या सी-एम आवृत्तीची शक्ती 3.0 किलोवॅट असून वजन 4.9 किलो आहे. म्हणजे महाग यंत्र हे अधिक ताकदीचे असूनही 700 ग्रॅमने हलके आहे. जड ते भक्कम, असे मानणाऱ्या आपल्याकडच्या ग्राहकाला हे उलटे वाटते, पण या क्षेत्रात हाच नियम आहे. हुस्क्वार्ना या दुसऱ्या कंपनीच्या 450 आणि 550 एक्सपी या जोडीतही सुमारे 50 सीसीच्या इंजिनांतून एकीकडे 2.4 आणि दुसरीकडे 2.8 किलोवॅट शक्ती मिळते. त्यातही 450 आपली कमाल शक्ती मिनिटाला 9,000 फेऱ्यांना देते, तर 550 एक्सपी 10,200 फेऱ्यांना. सीसी हा आकडा सिलिंडरमध्ये किती जागा आहे एवढेच सांगतो. त्या जागेत मिश्रण किती चपळाईने भरते आणि जळालेला वायू किती मोकळेपणाने बाहेर पडतो, हे सिलिंडरमधील मार्गांच्या घडणीवर ठरते, आणि व्यावसायिक यंत्रात पैसा आधी तिथे खर्च झालेला असतो.

त्याहून मोठा फरक बाहेरून दिसत नाही. एमएस 261 मध्ये क्रँकशाफ्ट ज्या पेटीत बसते ती मॅग्नेशियमची, उभी दुभागलेली असते आणि तीच यंत्राचा सांगाडा असते. सिलिंडर तिच्यावर वरून बोल्टने आवळलेला असतो. एमएस 271 मध्ये संपूर्ण इंजिन हा एक वेगळा गठ्ठा असून तो प्लास्टिकच्या देहात बसवलेला असतो. क्रँकशाफ्टच्या बेअरिंगांना वरून सिलिंडरचा तळ आणि खालून एक झाकण शिंपल्यासारखे मिटून धरतात. ही रचना कमकुवत आहे असे मुळीच नाही. बेताच्या कामात ती वर्षानुवर्षे टिकते आणि तिच्यामुळेच किंमत आटोक्यात राहते. मात्र पिस्टनला ओरखडे पडून तो बदलण्याची वेळ आली, की दोन्हींतला भेद उघड होतो. 261 मध्ये वरचे झाकण, कार्ब्युरेटर व सायलेन्सर काढून सिलिंडर उचलला की पिस्टन समोर येतो. 271 मध्ये आधी आख्खे इंजिन देहातून बाहेर काढावे लागते, जोडणीच्या वेळी सांधा सीलंटने नव्याने बंद करावा लागतो, आणि मजुरीचा हिशेब करून बरेच मालक दुरुस्तीचा नाद सोडून नवीन यंत्राकडे वळतात. अर्थात व्यावसायिक चेन सॉ ही उघडून पुन्हा उभी करण्यासाठी घडवलेली असते, तर घरगुती चेन सॉ सहसा तशी वेळ येणार नाही या हिशेबाने.

आता भारतीय ग्राहकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, जो परदेशी तुलनांमध्ये क्वचितच येतो, तो पेट्रोलचा. आपल्या पंपांवर आता 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. हाताने स्क्रू फिरवून जुळवायच्या कार्ब्युरेटरसाठी 10 टक्क्यांहून अधिक इथेनॉल वापरू नये, असे स्टिलची माहितीपुस्तिका सांगते. एम-ट्रॉनिक प्रणाली असलेली इंजिने मात्र 27 टक्क्यांपर्यंतच्या इथेनॉलवरही पूर्ण शक्ती देतात, असे तीच पुस्तिका नमूद करते. इथेनॉलमध्ये प्राणवायू असल्याने मिश्रणात इंधनाचे प्रमाण कमी पडते, इंजिन तापते, आणि टू-स्ट्रोक इंजिनात तापमान व वंगण यांचा थेट संबंध असल्यामुळे त्याचा मार पिस्टनवर बसतो. एमएस 261 सी-एम मधील एम हे अक्षर याच प्रणालीकडे निर्देश करते. तिच्यात इंधनाचे प्रमाण आणि ठिणगीची वेळ इलेक्ट्रॉनिक पद्धतीने ठरते आणि हवामान, उंची व इंधन यांनुसार बदलत राहते. एमएस 271 च्या सर्वसाधारण आवृत्तीत साधा कार्ब्युरेटर असतो. युरोप-अमेरिकेत ही सोय चैनीची मानता येईल, परंतु आपल्या इंधनाकडे पाहता दीडपट किमतीचे सर्वांत ठोस समर्थन मला इथेच दिसते.

या प्रणालीची एक अडचणही आहे. कार्ब्युरेटरला जुळणीचे स्क्रूच नसल्याने गावातला दुचाकीचा मिस्त्री त्याला हात लावू शकत नाही. बिघाड शोधण्यासाठी अधिकृत विक्रेत्याकडचे निदानयंत्र लागते. ज्याच्यापासून असा विक्रेता दिवसभराच्या अंतरावर आहे, त्याने 261 घेण्यापूर्वी हा विचार अवश्य करावा. या दोन यंत्रांपैकी कोणते आपल्या जिल्ह्यात उपलब्ध आहे, सुटे भाग किती दिवसांत येतात आणि दुरुस्ती दुकानातच होते की यंत्र बाहेर पाठवले जाते, हे पैसे देण्यापूर्वी विचारून घेणे इष्ट.

कापण्याच्या प्रत्यक्ष अनुभवात किती फरक पडतो? आंब्याच्या मनगटाएवढ्या फांद्या छाटताना फारसा नाही. फणस, ऐन किंवा बाभळीचा फूटभर जाडीचा ओंडका आडवा कापताना, बार लाकडात पूर्ण बुडालेला असतो तेव्हा, 271 दाब दिला की मंदावते आणि 261 आपला वेग धरून ठेवते. तथापि बोथट साखळीची 261 ही धारदार साखळीच्या 271 पेक्षा नक्कीच मागे पडेल, कारण या दोन यंत्रांतील अंतर साखळीला धार लावायच्या 4.8 मिलिमीटरच्या गोल कानशीने पुसून टाकण्याइतकेच आहे. नारळाच्या खोडात तर हे लवकर जाणवते: त्यात सिलिका असल्याने धार झपाट्याने जाते आणि धागे स्प्रॉकेटच्या झाकणाखाली दाटून बसतात, मग यंत्र कोणत्याही वर्गाचे असो. (साखळीला वंगण म्हणून गाडीतले जळके ऑइल घालण्याची आपल्याकडची सवयही दोन्ही यंत्रांना सारखीच घातक आहे.)

साखळीबाबत सुरक्षिततेचा एक भेद ध्यानात ठेवावा. स्टिल हिरव्या खुणेची साखळी कमी उसळीची आणि पिवळ्या खुणेची साखळी प्रशिक्षित वापरणाऱ्यांसाठीची म्हणून ओळखते. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की यंत्र क्षणार्धात अंगावर उसळते, आणि साखळीचा ब्रेक दोन्ही यंत्रांना असला तरी नवख्या हातात पिवळ्या खुणेची साखळी आणि अधिक वेगाचे इंजिन एकत्र देणे शहाणपणाचे नाही.

माझ्या मते ज्याची आंब्या-काजूची बाग आहे, जो वर्षातून काही दिवस छाटणी करतो, सरपण कापतो आणि वाऱ्याने पडलेले झाड बाजूला करतो, त्याला एमएस 271 पुरेशी आहे; वर सांगितलेली इथेनॉलची मर्यादा मात्र तिला लागू राहतेच, शिवाय काम संपल्यावर टाकीतले पेट्रोल-ऑइलचे मिश्रण काढून ठेवावे आणि कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालवावे, कारण इथेनॉल ओलावा शोषून घेते. घरामागच्या पाच-दहा झाडांसाठी तर तीही जास्तच; 30 सीसीच्या आसपासची लहान चेन सॉ घ्यावी. याउलट ठेक्याने झाडे उतरवणाऱ्याने, किंवा जून 2020 मध्ये निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-मुरूड पट्ट्यात आडव्या झालेल्या बागा मोकळ्या करण्यासारखे दिवसच्या दिवस चालणारे काम ज्याच्या वाट्याला येते त्याने, 271 घेऊन पैसे वाचतील अशी आशा धरू नये. सायंकाळपर्यंत 700 ग्रॅम खांद्याला चांगलेच जाणवतात.

आणि नव्या 261 ची किंमत झेपत नसेल, तर वापरलेली व्यावसायिक चेन सॉ हा नव्या घरगुती यंत्राला चांगला पर्याय ठरतो, परंतु ती डोळे झाकून घेऊ नये. विक्रेत्यासमोर सायलेन्सरचे बोल्ट काढून मोकळ्या झालेल्या तोंडातून उजेडात पिस्टनची बाजू पाहावी. ती गुळगुळीत असेल तर भावाची बोलणी सुरू करावीत. तिच्यावर उभे ओरखडे असतील, तर नव्या सिलिंडर-पिस्टनची किंमत वजा करूनच भाव सांगावा.