पेपर टाकायचे की फाईलवर विरोध लिहून आतच थांबायचं?

वरून आलेला निर्णय चुकीचा आहे असं मनापासून वाटतंय, वर्दी अंगावर आहे, आता पेपर टाकून, म्हणजे राजीनामा देऊन, बाहेर पडू की लेखी विरोध नोंदवून काम करत राहू, असं मध्यंतरी दोघा-तिघा ज्युनियर ऑफिसरांनी विचारलं म्हणून लिहितोय. मी दोन्ही करून बघितलंय, पेपर टाकले होते आणि मागेही घेतले. माझी लेव्हल छोटी होती, स्टाफवरचा साधा मेजर, त्यामुळे माझं किती मनावर घ्यायचं ते तुम्ही ठरवा.

आदेश सरळसरळ बेकायदेशीर असेल तर तुलना करत बसायचंच नाही, तिथे नकार. आणि वर्दीत राहून सरकारविरुद्ध जाहीर बोलायचं हा तिसरा मार्ग मी धरतच नाही. अमेरिकेचा जनरल मॅकआर्थर, त्याने राष्ट्राध्यक्ष ट्रुमनच्या धोरणावर टीका करणारं पत्र विरोधी पक्षाच्या नेत्याला लिहिलं, ते अमेरिकन संसदेत वाचून दाखवलं गेलं आणि ११ एप्रिल १९५१ ला त्याला घरी पाठवलं. ट्रुमनचं बरोबरच होतं. लोकांनी निवडून दिलेल्याला चूक करायचाही हक्क असतो, आपलं काम ती चूक होण्याआधी स्पष्ट सांगणं, एवढं मी गृहीत धरतो.

आता राजीनामा. ऐकायला फार भारी वाटतो आणि मलाही वाटला होता. पण मला जे खटकलं ते असं की तुम्ही पेपर टाकले त्या क्षणापासून मूळ मुद्दा गायब होतो आणि तुमच्याबद्दलच चर्चा सुरू होते. एका डिप्लॉयमेंटवरून माझं वाजलं होतं (तपशील सांगत नाही), पण पुढचे तीन आठवडे मला मेसमध्ये, ऑफिसात, फोनवर लोकांनी काय विचारलं, तर घरी काही प्रॉब्लेम आहे का, प्रमोशनचं काही झालं का, बाहेर चांगली नोकरी मिळाली का. एका सिनियरने तर प्रेमाने सुचवलं की कारणात घरगुती अडचण लिही, पटकन सुटशील. त्या डिप्लॉयमेंटबद्दल एकानेही विचारलं नाही. एकानेही.

मग मोठ्या लोकांचं आठवून बघितलं तर तेच. ३१ ऑगस्ट १९५९ ला जनरल थिमय्यांनी राजीनामा दिला, संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याशी पटत नव्हतं आणि चीनची काळजी होती. नेहरूंनी समजूत घातली, त्यांनी मागे घेतला, तोवर बातमी फुटली आणि २ सप्टेंबरला संसदेत नेहरूंनी मेनन यांची बाजू घेत सगळं स्वभाव न जुळण्यावर नेऊन ठेवलं. म्हणजे देशाच्या लष्करप्रमुखाचंही कारण असं बदलून टाकता येतं, आपण कोण? जर्मनीत लष्कराच्या जनरल स्टाफचा प्रमुख लुडविग बेक, त्याचं तर त्याहून वाईट, युद्धाला विरोध म्हणून ऑगस्ट १९३८ मध्ये त्याने पद सोडलं पण हिटलरच्या सांगण्यावरून गप्प राहिला, महिने गेले तरी बाहेर पत्ता नाही.

१९७१ च्या एप्रिलमध्ये इंदिरा गांधींना आत्ता लढाई नको म्हणून सांगितल्याचा किस्सा माणेकशॉ स्वतः सांगायचे, त्यातही राजीनाम्याची ऑफर आहे, आणि ती कशी, तर कारण शारीरिक की मानसिक प्रकृतीचं लिहू? किस्सा थोडा रंगवलेला असेलही. पण ते आत राहिले आणि लढाई डिसेंबरमध्ये झाली.

आत राहण्यात त्रास नाही असं अजिबात नाही. आपल्या जनरल थोरातांचंच घ्या. ईस्टर्न कमांडचे प्रमुख असताना चीन कुठून येईल, आपण कुठे अडवायचं हे त्यांनी १९५९ मध्ये कागदावर मांडलं, मार्च १९६० मध्ये लखनौला त्यावर लाल किला नावाचा एक्सरसाइज, म्हणजे युद्धसराव, घेतला, आणि मेनन यांनी ते सगळं उडवून लावलं. कागद बरोबर होता, पण पडून राहिला आणि पुढे १९६२ झालं. अमेरिकेत व्हिएतनामच्या वेळचे लष्करप्रमुख हॅरॉल्ड जॉन्सन आतच राहिले आणि तेव्हा राजीनामा दिला नाही याची त्यांना नंतर कायम खंत वाटली. त्यामुळे आत राहणं म्हणजे कधीकधी नुसतं गप्प बसणंही होतं, हे मान्य.

तरीपण. थोरातांनी काय म्हटलं होतं हे आज आपल्याला माहितेय ना? स्वभाव, तब्येत, प्रमोशन असलं काही त्यावर चिकटवता आलं नाही. तसंच २००३ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल शिन्सेकी यांना सिनेट समितीने विचारलं की इराकला किती सैन्य लागेल, ते म्हणाले काही लाख. दोनच दिवसांत संरक्षण उपमंत्री वुल्फोवित्झने ते खोडून काढलं, पण उत्तर रेकॉर्डवर गेलं ते गेलंच, आणि पुढे इराक चिघळला तेव्हा सगळे त्याच उत्तराकडे परत आले.

अर्थात, चुकीचा वाटणारा निर्णय तुम्हालाच राबवायचा असेल आणि रात्री झोप लागत नसेल तर पेपर टाकणंच बरं असेल, त्यात मी कोण सांगणारा. फक्त राजीनामा मंजूर करणं सरकारच्या हातात असतं आणि तो पेंडिंग असताना तुम्ही धड इकडचे नाही की तिकडचे नाही, हे धरून चला. आणि आत राहणार असाल तर तोंडी नको. नोट लिहा, आकडे टाका, विशेषणं काढा, आणि वर पाठवाच असं लेखी मागा, नाहीतर ती कमांडरच्या ड्रॉवरमध्येच रिटायर होते.

माझी नोट चार पॅरांची होती. दोनेक वर्षांनी त्याच टेबलावर बसलेल्या एका अनोळखी ऑफिसरचा फोन आला, सर, तिसऱ्या पॅरातले आकडे कुठून घेतलेत? निर्णय तोवर थोडासाच बदलला होता. पण त्या फोनवर घरच्या अडचणींची चौकशी झाली नाही.