घोडबंदर रोडची नर्सरी: काउंटरला थांबू नका, थेट मागच्या शेडमध्ये जा

तीन स्टार, आणि तेही तिन्ही माळीकाकांचे.

आमचा ग्राउंड फ्लोअरचा फ्लॅट आहे, मागे दहा बाय बाराचा तुकडा, वर सोसायटीचा आंबा आणि शेजारी सात मजली बिल्डिंग, त्यामुळे ऊन म्हणाल तर सकाळी जेमतेम तासभर. लॉन दोनदा लावून बघितलं, दोन्ही वेळा टक्कल पडलं. म्हटलं जमिनीवर पसरेल आणि फुलंही देईल असं काहीतरी लावू, म्हणून मे महिन्यात इथे गेले.

काउंटरवरच्या माणसाने काही न विचारता ऑफिस टाइमच्या (म्हणजे पोर्तुलाका, ते रंगीत फुलांचं बुटकं रोप) २० पिशव्या गळ्यात मारल्या, वर "सावलीत मस्त चालतं मॅडम". कसलं चालतंय, सकाळी ऑफिसच्या वेळेला ऊन आल्याशिवाय त्याची कळी उघडतच नाही, नाव त्यावरूनच तर पडलंय! आमच्याकडे महिनाभर रजेवरच होतं, मग पाऊस लागला आणि सगळं कुजलं. ८०० रुपये अक्षरशः पाण्यात. बदलून मागायला गेले तर चक्क नाही म्हणाले.

माझा आवाज चढलेला ऐकून मागून माळीकाका आले आणि विचारलं, "ताई, ऊन किती तास येतं?" दोन महिन्यांत हा प्रश्न पहिल्यांदा कोणीतरी विचारला हो. मग हिरव्या नेटखालच्या शेडमध्ये घेऊन गेले, खरा माल तिथे आहे. एपिशिया घेतली, पान मखमलीसारखं तपकिरी, मधे चंदेरी शिरा आणि नखाएवढी लालभडक फुलं. स्ट्रॉबेरीसारख्या तारा सोडते, टोकाला छोटं रोप येतं, ते मातीला टेकलं की मूळ धरतं. मी तर माझ्या जुन्या हेअरपिना टोचून त्या तारा जमिनीला धरून ठेवल्या. सोबत हेमिग्राफिस, जांभळट पानं आणि बारीक पांढरी फुलं, पण अगदीच अंधारात लावलं तर जांभळा रंग उतरून हिरवं पडतं, ते कडेला लावा. टोरेनिया पावसाळ्यापुरता, पण काय फुलतो!

मी वेडेलियाबद्दल पण विचारलं, ते डिव्हायडरवरचं पिवळ्या फुलांचं, तर काका म्हणाले नको, तुकडा राहिला तरी परत येतं, बाग गिळेल. घरी येऊन बघितलं तर जगातल्या १०० सगळ्यात वाईट आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. समोर काउंटरवर मात्र ढिगाने विकतायत.

अजून एक तक्रार म्हणजे पिशवीतली लाल माती, विटेसारखी घट्ट. तशीच लावली तर मुळं बाहेरच पडत नाहीत आणि पावसात आत पाणी धरून ठेवते. मी प्रत्येक गोळा पाण्यात बुडवून हाताने मोकळा केला, मग कोकोपीट आणि गांडूळखत मिसळून लावलं, आंब्याची मुळं वरच लागतात म्हणून खोल न खणता वरूनच चार बोटं भर घातली.

आता गणपती झालेत आणि एपिशियाने अर्धा तुकडा झाकलाय. टोरेनियाचे शेंडे गोगलगायींनी खाल्ले, रोज रात्री टॉर्च घेऊन वेचते, नवरा हसतो.

पार्किंग नाही, रिक्षाने जा. काका सकाळी ११ च्या आत भेटतात, सोमवारी नसतात.