सॅन फ्रान्सिस्कोत रोजचा प्रवास: विनाचालक टॅक्सी की बार्ट?

मिशन भागात राहणाऱ्या माझ्या भाचीला रोज एम्बार्काडेरोजवळच्या ऑफिसात जायचे आहे आणि वेमोची विनाचालक टॅक्सी घ्यावी की बार्ट रेल्वे, हे तिला ठरवता येत नाही.

खर्चाचा प्रश्न लगेच सुटतो: बार्टला एका फेरीचे तीन डॉलरांहून कमी लागतात, तर टॅक्सीचे भाडे मागणीनुसार बदलते आणि ऐन गर्दीत बार्टच्या कित्येक पट होते. वेळेतही भुयारातून दहाएक मिनिटांत पोहोचणारी रेल्वेच सरस, कारण टॅक्सीला सिग्नल चुकत नाहीत.

पर्यावरणाचा मुद्दा अधिक गुंतागुंतीचा आहे. दोन्ही वाहने विजेवर चालतात. मात्र वेमोची दोन टनांहून जड जॅग्वार आय-पेस गाडी बहुधा एकट्यादुकट्यासाठी धावते आणि पुढचे भाडे घ्यायला रिकामीच जाते, म्हणजे धूर नसला तरी रस्त्यावरची गर्दी वाढतेच. चालक हटवल्याने गाडीने अडवलेली जागा कमी होत नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

तरीही मध्यरात्रीनंतर बार्ट बंद असताना, किंवा दृष्टिहीन व्यक्तीला कुणाच्या सोबतीशिवाय घराजवळून निघायचे असताना, ही टॅक्सी खरोखर मोलाची आहे. भाचीने रोजच्या ऑफिससाठी मात्र बार्टच धरावी.