नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’चं १:१०० किट: सांगाडा सुरेख, दोरा मात्र बदलाच

ट्रॅफल्गरच्या सागरी लढाईत ज्या जहाजावर ब्रिटिश ॲडमिरल नेल्सनने प्राण सोडला, त्या १०४ तोफांच्या ‘व्हिक्टरी’चं हे प्लास्टिक किट. घेण्याआधी घरात टेप लावून बघा. पुढे झेपावलेल्या दांड्यासकट लांबी १०० सेंटिमीटरच्या घरात जाते आणि उंचीही ६० च्या पुढे, त्यामुळे फ्लॅटमधल्या नेहमीच्या शोकेसमध्ये ते मावत नाही.

सांगाडा खरोखर सुरेख आहे. फळ्यांचे सांधे आणि तोफांच्या झडपांच्या कडा रेखीव उतरल्यात. दोन्ही अर्धे चिकटवल्यावर रबरबँड लावून पूर्ण दिवसभर हलवू नका, नाहीतर खाली मधोमध फट राहते. रंगाबाबत सूचनापत्रक जुनं झालंय. त्यात गडद मोहरी रंग सांगितलाय, पण रंगाच्या जुन्या थरांचा अभ्यास झाल्यावर २०१५ मध्ये मूळ जहाज फिकट, किंचित गुलाबीसर पिवळ्यात रंगवलं गेलं. पांढऱ्यात थोडा ऑकर (मातकट पिवळा) आणि काडीच्या टोकावर राहील एवढाच लाल मिसळा. आधी पिवळे पट्टे द्या, मग टेप लावून काळा. झडपा बाहेरून काळ्याच हव्यात, पिवळ्यावर चौकटी उठून दिसतात त्या त्यामुळेच.

खरी रड दोऱ्यांची. किटमधला सुती दोरा नाशिकच्या जुलै-ऑगस्टात ओल धरून आखडतो आणि डोलकाठ्यांची वरची टोकं वाकवतो. हवा कोरडी झाली की तोच दोरा लोंबतो. मेन रोडवरच्या शिवणसाहित्याच्या दुकानातून पॉलिएस्टर दोरा आणा आणि मधमाशीच्या मेणावरून दोनदा ओढून घ्या, म्हणजे लव बसते. डोलकाठ्या पक्क्या धरणारे दोर डांबर लावलेले असत, ते काळपट तपकिरी ठेवा. शिडं हलवणारे दोर फिके. खालच्या पोकळ डोलकाठीत चिकटवण्याआधी सायकलचा स्पोक घाला, मग ती ताण सोसते. दोरशिडीच्या पायऱ्यांमध्ये साडेतीन मिलिमीटर अंतर ठेवा आणि प्रत्येक गाठ क्लोव्ह हिचची (दोन वेढ्यांची खलाशी गाठ) मारा. नुसत्या गोंदाने चिकटवलेल्या पायऱ्या वर्षभरात सुटतात. चिमटा सराफ बाजारात मिळतो तो सोनारकामाचा घ्या, टोकं नेमकी जुळतात.

साच्यातली प्लास्टिकची शिडं जाड आहेत. ती न लावता जहाज नुसत्या डोलकाठ्यांवर ठेवलं तर जास्त देखणं दिसतं.

कागदी झेंड्यांत मोठी चूक आहे. ‘इंग्लंडची अपेक्षा आहे की प्रत्येकजण आपलं कर्तव्य बजावेल’ या नेल्सनने लढाईआधी झेंड्यांनी दिलेल्या संदेशाचे ३१ झेंडे एकाच दोरीवर माळेसारखे दिलेत. प्रत्यक्षात ते १२ वेळा, तुकड्यातुकड्याने चढवले गेले. नेल्सनला आधी ‘भरवसा’ हा शब्द हवा होता, पण तो अक्षर-अक्षर लावावा लागला असता. ‘अपेक्षा’ मात्र शब्दांना आकडे देणाऱ्या सांकेतिक कोशात होता. गंमत म्हणजे ‘कर्तव्य’ (duty) कोशात नव्हता, त्याच्या चार इंग्रजी अक्षरांसाठी चार वेगळे संकेत लागले. मॉडेलवर एका वेळी एकच संकेत दाखवा: २, ५, ३ हे तीन झेंडे, म्हणजे ‘इंग्लंड’.

नेल्सनच्या पुतळ्याच्या डोळ्यावर पट्टी कोरली आहे, ती पॉलिश पेपरने घासून टाका. १७९४ मध्ये कॉर्सिकातल्या काल्व्हीला उजव्या डोळ्याची नजर गेली, पण पट्टी त्याने कधीच बांधली नाही. उजवा हात १७९७ मध्ये टेनेरिफला गेला, तेव्हा उजवी बाही रिकामी आणि छातीशी टाचलेली हवी. डावा हात कापलेला पुतळा निघाला तर सरळ परत पाठवा.