‘शीर मोकळी होऊन राहिली’ म्हणाला, अन् भावाची नजर गेली

सोयाबीन काढणीच्या दिवसांत माझा लहान भाऊ वावरातून येताना गाडीवरून पडला. डोक्याला टाके पडले, दोन दिवसांनी घरी आला. आठव्या दिवशी उजवा डोळा लालबुंद. बुबूळ बाहेर ढकलल्यासारखं, पांढऱ्या भागावर वळ्या-वळ्यांच्या जाड शिरा. म्हणाला, "दादा, माह्या डोकशात मोटरपंप सुरू हाये." मी त्याच्या कानशिलाला कान लावला. नाडीच्या ठोक्यागणिक सूं... सूं... मलाही ऐकू आलं.

बाजारात डोळ्यांचा इलाज करणारा एक माणूस बसतो. त्यानं कापसाच्या बोळ्यावर काळी गुठळी काढून दाखवली, "माराचं रक्त साकळलं होतं." आवाजाचं विचारलं तर म्हणे, "शीर मोकळी होऊन राहिली, चांगली खूण हाये." इथंच आम्ही फसलो. आवाज वाढला की आम्हाला वाटायचं, गुण येतोय. तीन खेपांत १४ हजार घेतले. थेंबांच्या बाटलीवर ना नाव, ना तारीख. १८ दिवस गेले. आधी एकाचे दोन दिसू लागले, मग सगळं धुरकट.

नागपूरला डॉक्टरांनी मिटल्या पापणीवर स्टेथोस्कोप ठेवला, पडल्याचं ऐकलं आणि लगेच डोक्यातल्या रक्तवाहिन्यांची अँजिओग्राफी सांगितली. मेंदूकडे जाणारी मोठी धमनी डोळ्यामागे, कवटीच्या तळाशी फाटली होती. तिचं जोराचं रक्त थेट शेजारच्या शिरेच्या कप्प्यात शिरत होतं. त्यामुळे डोळ्यातून परतणारं रक्त तुंबतं, डोळ्याचा दाब वाढतो, नजरेची नस मरू लागते. याला कॅरोटिड-कॅव्हर्नस फिस्ट्युला म्हणतात. मार लागल्यावर काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनीही हे दिसतं. कोणत्याच थेंबांनी ते भोक बुजत नाही.

मांडीच्या धमनीतून बारीक नळी घालून आतून कॉइल, म्हणजे बारीक तारेची गुंडाळी, बसवून ते भोक बुजवलं. शुद्धीवर येताच भाऊ म्हणाला, "दादा, पंप बंद झाला." डोळाही हळूहळू आत गेला. नजर मात्र आली नाही. समोर हात हलवला तर तेवढं कळतं.

तो कापूस आम्ही कुणीच हातात घेऊन पाहिला नव्हता. तो माणूस अजून बाजारात बसतो. तुमच्या घरी कुणी डोक्यावर पडलं असेल, नंतर डोळा लाल होऊन फुगला आणि डोक्यात ठोक्याचा आवाज येऊ लागला, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्याची गाडी पकडा. गाडीभाडं नसेल तर उसनं घ्या. आम्ही १४ हजार उसनेच घेतले होते.